तळपायाने ओळखलेला दगड

घरतांची गोदूबाय चपला घालत नाही. घरात नाही, बाजारात नाही, लग्नात नाही. पनवेलच्या मॉलमध्ये सरकत्या जिन्यावरून अनवाणी वर गेलेली सत्तरीची बाई कुणी पाहिली असेल, तर ती हीच. दारावरच्या वॉचमनने तिला हटकलं होतं, "मावशी, चप्पल?" तर म्हणाली, "चपला देवळाभायेर काडतात. ह्या देऊळ नाय, मंग एवढा चकचकीत पुसतास कनाला?" बिचारा बाजूला झाला.

तिचा मुलगा हरेश अकरा वर्षं ओमानला होता, रस्त्याच्या कामावर. दर खेपेला आईसाठी चपला आणायचा. मऊ, भारीतल्या, आत गादी असलेल्या. गोदूबाय त्या हातात घेऊन दाबून बघायची, "बरी हाय रं, लोन्यासारखी हाय," म्हणायची आणि आठवड्याभरात कुणाला तरी देऊन टाकायची. एक जोड शिरढोणच्या बहिणीला गेला, एक जिना झाडणाऱ्या बाईला, दोन सुनेला. हरेश चिडायचा. चिडणारच की! माणूस एवढ्या लांबून आणतो आणि ही उदार होते.

पण तिचंही खोटं नव्हतं. लग्न होऊन आली ती सतराव्या वर्षी, आणि दुसऱ्याच आठवड्यात मिठागरात उतरली. तेव्हापासून बत्तीस वर्षं तिचे पाय खाऱ्या पाण्यात होते. खाडीचं पाणी उघाडीच्या झडपेतून आत घ्यायचं, तापवणीच्या मोठ्या खाचरात साठवायचं, उन्हानं ते तापून जड झालं की पुढच्या उथळ कुंड्यांत सोडायचं, आणि तिथं मीठ पिकायचं. ह्या सगळ्यात डोळ्यांपेक्षा पाय जास्त कामाचे. पाणी आज तयार आहे की उद्या, तळ घट्ट आहे की भुसभुशीत, हे गोदूबायला पाय टाकताच कळायचं. "चप्पल घातली का तळ बोलाचा बंद होतो," असं ती म्हणते. तिचा नवरा काळूराम तर आजही चारचौघांत कबूल करतो, "मालक मी होतू, पन मीठ कवा वडाचा ता हिचा पाय सांगाचा."

आता मिठागरातली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीनेच झाला. मीठ धरायच्या आधी तापवणीच्या तळाला एक पापडी धरते. दिसायला चकचकीत, पण धारेला अशी की विचारू नका. पाय पडला की कापलाच. मिठात ती चालत नाही, कशातच चालत नाही, नुसता केर. म्हणून रीत अशी, की ज्याच्या पायाखाली पापडी येईल त्याने जागच्या जागी वाकायचं, ती उचलायची आणि बांधाच्या पलीकडं भिरकावून द्यायची. रक्त नंतर बघायचं. आपला पाय तर कापला, मागून येणाऱ्याचा कापू नये. मागून कोण येत असेल सांगता येत नाही, डोक्यावर पाटी घेतलेली बाई असते, पोटुशी असते, पोर असतं. ह्यात विचार करायला वेळच नसतो. पायाला टोचलं की हात खाली जातो आणि वस्तू बांधापार होते.

मिठागर गेलं. त्यावरून आता रस्ता जातो, त्यावर कंटेनरच्या गाड्या पळतात, बंदराजवळच्या द्रोणागिरीकडं. घरत मंडळी करंजाड्याला बिल्डिंगमध्ये आली, तिसऱ्या मजल्यावर. गोदूबायला तिथं मजा वाटते, ह्यात काही खोटं नाही. नळाला पाणी, लिफ्टमध्ये आरसा, खाली कट्ट्यावर गप्पांना चार बायका. "काय कमी हाय मना?" असं ती स्वतःच विचारते आणि स्वतःच उत्तर देते, "कायच नाय." फक्त तो हात काही सुधारला नाही. पायाखाली काहीही टोचलं की ते बाल्कनीतून बाहेर जातं. बाल्कनीखाली एक मोकळा प्लॉट आहे, गवत माजलेलं, त्यात रिमोटचा सेल गेला, सुनेच्या कानातला एक डूल गेला, गिरणीवाल्याचा पत्र्याचा बिल्ला गेला. काळूराम त्या प्लॉटला 'हिचा बांध' म्हणतो. सून कोमल पहिल्यांदा रडकुंडीला आली होती, आता ती डूल हरवला की सरळ खाली जाते.

तर अशा घरात, वैशाखात, हरेश कायमचा परत आला. तिकडचा रस्ता झाला, काम संपलं. त्याच्या बॅगेत खजूर होते, अत्तर होतं, दोन जाड ब्लँकेटं होती (पनवेलच्या उकाड्यात ब्लँकेटं! पण तिकडून येणारा प्रत्येक जण आणतो, त्याला इलाज नाही), आईच्या चपला होत्या, आणि सगळ्याच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेला एक दगड होता.

सोललेल्या नारळाएवढा. मातकट. वाळू आणि चिकणमाती अशी चिकटून बसलेली की मूळचा रंगच कळेना. मधूनच एकदोन पातळ कडा बाहेर डोकावत होत्या, बस्स.

"वाळवंटात सापडला," हरेश म्हणाला. "आमचा फोरमन पठाण होता. तो म्हणाला, हा आसमानातून पडलेला दगड आहे. तिकडं गोरे लोक गाड्या घेऊन असले दगड शोधत फिरतात, मी डोळ्यांनी बघितलंय."

त्याने तो शोकेसमध्ये मधोमध ठेवला, गणपतीच्या फोटोशेजारी. मग काय, बघायला रीघ. चुलतभाऊ भावेश आला. भावेशचा द्रोणागिरीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे आणि तोंडाला कुलूप नाही. त्याने आल्या आल्या फ्रिजवरचा लोहचुंबक काढून दगडाला लावला, तो टपकन खाली पडला. मग मोबाइलने फोटो काढून मोबाइललाच विचारलं, हे काय आहे. मोबाइलने एकदा सांगितलं पाव, दुसऱ्यांदा सांगितलं तळलेली कोंबडी. भावेश सोफ्यावर लोळून हसला. "हरेश, आसमानातून कोंबडी पडली रे तुझ्या डोक्यावर!"

हरेशने तेही हसण्यावारी नेलं. पण मग ज्येष्ठात नात्यातली एक हळद आली. आमच्याकडच्या हळदी म्हणजे लग्नाहून मोठ्या, अख्खा गाव मांडवात. तिथं कुणीतरी, नाव कशाला घ्या, जेवताना मोठ्यानं म्हणालं, "अकरा वरसां परदेशात रायला आनि आनला काय, तं दगूड!" पंगतच्या पंगत हसली. हरेशही हसला. पण त्याने मटणाचं ताट तसंच सारलं आणि हात धुतले. पलीकडच्या रांगेतून गोदूबाय बघत होती. पोरगा मांडवातून न जेवता उठला, हे तिच्या काळजाला लागलं.

त्या दिवसापासून हरेशने हट्टच धरला, की दगड काय आहे ते एकदा सिद्ध करायचंच. कोमलने तिच्या जुन्या कॉलेजात फोन केला. तिथं भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या पूर्वी नावाच्या मॅडम नवीन पनवेललाच राहतात. बाई साधी, "रविवारी अकराला येऊन बघते" म्हणाली. हरेशने भावेशलाही बोलावलं. तुझ्यासमोरच होऊन जाऊ दे, म्हणाला. भावेश कसला सोडतो, लगेच हो म्हणाला आणि वर चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, फर्माईश केली.

गोदूबायला दगडाचं काही पडलं नव्हतं. सोन्याचा निघो नाहीतर शेणाचा. तिला एवढंच हवं होतं, की त्या भावेशसमोर पोराचं हसं होऊ नये. शनिवारी दिवसभर ती देवाला तेच सांगत होती.

रविवार उजाडला. आषाढातली सकाळ, पण पाऊस नेमका थांबलेला, म्हणून गोदूबाय बाल्कनीतल्या दोरीवरचे दमट कपडे आत आणत होती. हरेश आंघोळीला गेला होता. मॅडम यायच्या म्हणून कोमलने शोकेस पुसायला काढलं होतं, आणि दगड खाली काढून बाल्कनीच्या दाराशी पेपरवर ठेवला होता. गोदूबायच्या हातात कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत. खालचं दिसतंय कुणाला?

पाय पडला.

काच कापते ती गार लागते. कालव कापतं ते जळजळतं. पापडीचं तसं नाही, ती आधी खाजते आणि मग चुरचुरते. गोदूबायच्या उजव्या तळपायाला आधी खाज आली. त्या एका क्षणात ती तिसऱ्या मजल्यावर नव्हतीच. गुडघाभर पाणी होतं, डोक्यावर ऊन होतं, मागून बायकांचा आवाज येत होता. कपडे गळून पडले, हात खाली गेला, आणि दगड बाल्कनीच्या कठड्यावरून सुसाट बाहेर गेला.

"आई!" कोमल किंचाळली.

"काय गो? पापडी व्हती," गोदूबाय म्हणाली. आणि मग तिने खाली रिकामा पेपर बघितला. मग शोकेसकडं बघितलं. "आगो बाय माझे!" ती मटकन खालीच बसली.

हरेश टॉवेलवरच बाहेर आला. त्याला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तो जे बोलला ते बोलायला नको होतं. "आये, तो काय रिमोटचा सेल होता? अकरा वर्षांत एक वस्तू आणली मी माझ्यासाठी! एक! तुला मिठापलीकडं कळतं तरी काय गं?"

गोदूबायने गळलेले कपडे गोळा करायला घेतले. तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण चूक आपली, मग बोलायचं कुठल्या तोंडाने?

सगळी वरात खाली प्लॉटमध्ये. हरेश शर्टाची बटणं लावत गवत तुडवतोय, कोमल साडी वर खोचून चिखलात. काळूराम तेवढा बाल्कनीत उभा राहून वरून हुकूम सोडतोय, "डावीकरं जाव रं! हिचा नेम मना ठाव हाय, बांधाच्या बाहेर दोन हात परतो, जास्त नाय!" आणि काय सांगू, म्हातारा बरोबर होता. गोदूबायने कुणाकडं न बघता भिंतीला धरून डावीकडं बारा पावलं मोजली, भिंतीपासून दोन हातांवरच्या डबक्यात हात घातला आणि दगड काढला. दोन तुकडे झाले होते.

पाण्याने माती धुऊन गेली होती. तुटलेल्या जागी आतलं दिसत होतं. पातळ पातळ पाकळ्या, एकीत एक अडकलेल्या, मधाच्या रंगाच्या, प्रत्येकीच्या अंगात वाळू भरलेली. मोठ्या फुलाचे दोन भाग केल्यासारखे. गोदूबायने अंगठा एका पाकळीच्या धारेवरून फिरवला. मग नख लावलं. मग, कुणी बघत नाही असं बघून, जीभ लावली. खारट नव्हतं. मीठ नव्हे. तिला आता कसलीच शंका उरली नाही.

"हरेश, आयक रं, ह्या..."

"राहू दे आये." त्याने दोन्ही तुकडे तिच्या हातातून घेतले. "आता काही सांगू नको."

तिने तोंड मिटलं. जिना चढताना तिच्या मनात हेच चाललं होतं. हा केर आहे. बत्तीस वर्षं मी ह्याच्या पाट्याच्या पाट्या बांधाबाहेर टाकल्या. हे मी भावेशसमोर कशी सांगू? पोरगा मांडवातून उपाशी उठला तो ह्या दगडासाठी, आणि मी म्हणू का, बाबा, तू ओमानहून मिठागराचा केर आणलास? नकोच. गप बसलेलं बरं. ती स्वयंपाकघरात जाऊन चिंबोऱ्या साफ करायला बसली. नांग्या मोडताना जरा जास्तच जोर लागत होता.

अकराला भावेश आला, आणि त्याच्या पाठोपाठ पूर्वी मॅडम. तिशीची मुलगी, पाठीला सॅक, पायात चिखलाचे बूट. तिने दगड फुटल्याचं ऐकलं आणि उलट खूश झाली. "फुटला ते बरं झालं, मला तो फोडायला जीवावर आलं असतं." हरेशचा चेहरा किंचित सैल झाला. गोदूबाय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मॅडमने भिंग काढलं, तुकडा उजेडात फिरवला, आणि मग नुसत्या नखाने एका पाकळीवर रेघ ओढली. पांढरी रेघ उमटली.

"एक तर नक्की," ती म्हणाली, "हा आकाशातून पडलेला नाही. तसले दगड नखाने ओरखडत नाहीत. त्यात बहुतेक वेळा लोखंड असतं, लोहचुंबकाला ओढ घेतं."

"मी लावला होता! पडला!" भावेशने मांडीवर थाप मारली. "मी तेव्हाच म्हटलं होतं. मॅडम, हा जमिनीवरचाच ना? साधा?"

हरेश त्या दुसऱ्या तुकड्याकडं बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी मार खाल्ला की त्याचे कान असेच व्हायचे.

"जिप्सम वाटतंय," मॅडम म्हणाली. "पण कुठल्या प्रकारच्या जागी मिळालं त्यावर बरंच अवलंबून आहे. उंचवट्यावर, ओढ्यात, कशात?"

"सपाट वाळवंट," हरेश पुटपुटला. "तिकडं ओढे कुठले?"

"म्हणजे साधाच!" भावेश म्हणाला. "पीओपीचा ना मॅडम, जिप्सम म्हणजे? आमच्या पेणच्या गणपतीवाल्यांचा माल! लोकं गल्फमधून सोनं आणतात, आमच्या हरेशने..."

"साधा नाय."

सगळ्यांनी मागं बघितलं. गोदूबाय दारातून पुढं आली होती, हाताला चिंबोऱ्यांचा वास, पदर खोचलेला. तिने ठरवलं होतं गप बसायचं, पण ते लाल कान बघवेनात. ती भावेशकडं वळलीच नाही. तिने लेकालाच विचारलं.

"हरेश, ह्या मिल्ला तिथं जमीन कशी व्हती? पांढरी व्हती?"

"...हो. पांढरी होती."

"वर कडक, पापरावानी. पाय टाकला का फुटाची, न् खाली वली. व्हय का नाय?"

हरेशने मान वर केली. "हो. रस्ता सपाट करायच्या ग्रेडरची चाकं रुतायची. आये, तुला कुणी सांगितलं?"

"आनि चाललास का पायाला खाज सुटाची. दुपारी लांबून बघितला का पानी भरल्यावानी दिसाचा. आनि दर्या तिथून लय लांब नसंल."

"समुद्र दहाबारा किलोमीटर," तो म्हणाला. "आये, कुणी सांगितलं तुला हे?"

"तुझ्या दगडानी सांगितला. सकाली, पायाला." गोदूबायने मॅडमच्या हातातून तुकडा घेतला. "मॅडम, मी शिकलेली नाय. पन ही पापडी हाय. आमच्या तापवनीत धराची, मिठाच्या आधी. आधी ही, मंग मीठ. ही धरली का समजाचा, आता पानी पुढं सोराचा. आमची पातल असाची, ही जाड हाय. न् हिच्या पोटात रेती हाय, म्हंजी ही पान्यात नाय धरली, वल्या रेतीत धरलीय. पन जात तीच."

पूर्वी मॅडम तिच्याकडं बघतच राहिली. मग तिने सॅक खाली ठेवली आणि आजीच्या समोर जमिनीवरच बसली. "आजी, हे तुम्ही जे दोन मिनिटांत सांगितलंत ना, ते मी वर्गात दोन तास शिकवते. समुद्राचं पाणी आटायला लागलं की आधी जिप्सम बसतं, मग मीठ. तिकडं किनाऱ्यालगत अशा सखल जागा असतात. खारं पाणी वाळूत मुरतं, ऊन ते वर ओढतं, आणि वाळूतच ही फुलं तयार होतात. वाळवंटातला गुलाब म्हणतात ह्याला. लोक घरात शोभेला ठेवतात, आमच्या कॉलेजात एकही नाहीये." ती हरेशकडं वळली. "तुम्ही जिथं काम करत होतात ते एक मिठागरच होतं. फक्त कुणी बांध घातला नव्हता."

भावेश पुढं वाकून तुकडा बघायला लागला.

हरेश बोलायला लागला तेव्हा आईकडंही नीट बघत नव्हता, समोरच्या फरशीकडं बघत होता.

"मला मिठागरात उतरायचं नव्हतं कधीच. तुला माहीत आहे आये. दहावीनंतर मी तुझ्याशी भांडलो होतो, की मी तुमच्यासारखा पाय कुजवून घेणार नाही. म्हणून तर मशीन शिकलो, म्हणून तिकडं गेलो. आणि त्या दिवशी दुपारी ग्रेडरवर बसलो होतो, समोर ती पांढरी जमीन. अशी पांढरी, की मला वाटलं मी आपल्या आगरावर आलो. आत्ता तू पाटी घेऊन येशील. वेड्यासारखा मी खाली उतरलो. बूट काढले, मोजे काढले, आणि चाललो. अनवाणी. का ते मला विचारू नको. दहा पावलं गेलो नाही तोच हे पायाला लागलं."

"मंग?" गोदूबाय म्हणाली.

"मग काय. हात आपोआप खाली गेला. उचललं, फेकायला हात वर केला." त्याने खरंच हात वर केला, आणि तो तसाच थोडा वेळ वर राहिला. "आणि मागं वळून बघितलं. कोण येतंय बघायला. तर मागं कुणी नव्हतंच गं. नजर पोचेल तिथपर्यंत कुणी नाही. आईच्यान सांगतो आये, तिथंच बसून रडलो. मागून येणारं कुणी नाही, तर फेकायचं कुणासाठी? म्हणून ठेवून घेतलं. आसमानातून पडल्याचं पठाणाने नंतर सांगितलं. ते लोकांना सांगायला बरं होतं."

काळूराम खिडकीशी जाऊन उगाचच प्लॉटकडं बघत उभा राहिला. कोमलने डोळे पुसले. आणि भावेश, तो बोलघेवडा भावेश, उठून फ्रिजपाशी गेला आणि तो लोहचुंबक गुपचूप जागच्या जागी लावून आला.

मग चहा झाला. मॅडमने फार संकोचत अर्धा तुकडा कॉलेजसाठी मागितला, हरेशने तो लगेच दिला. तिने वही काढून लिहून घेतलं. सापडलं कुठं, कुणाला सापडलं, आणि शेवटी विचारलं, "ओळखलं कुणी, ह्याच्यापुढं काय नाव घालू?"

"तुमचाच घाला," गोदूबाय म्हणाली. "मना काय, मी त फेकून दिलता."

"गोदाबाई काळूराम घरत," हरेश म्हणाला. स्पष्ट म्हणाला, भावेशला ऐकू जाईल असं. "आणि पुढं लिहा, मिठागरवाल्या."

मॅडमने लिहिलं. गोदूबायने तोंडाला पदर लावला, हसू लपवायला असेल नाहीतर दुसऱ्या कशाला. चिंबोऱ्यांचं कालवण झालं, मॅडमलाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. तिला नांग्या फोडता येईनात, तेव्हा भावेशने फोडून दिल्या. हरेश तीनदा भात घेऊन जेवला. गोदूबायने ते मोजलं, अर्थात.

सगळे गेल्यावर ती फरशी पुसायला वाकली, तर स्वयंपाकघरापासून बाहेरच्या खोलीपर्यंत बारीक तांबडे ठिपके होते, सुकलेले. सकाळपासून ती त्याच पायाने प्लॉटात गेली होती, जिना चढली होती, ओट्याशी उभी राहिली होती. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिच्याही नाही म्हटलं तरी चालेल.

हरेशने ते ठिपके बघितले. त्याने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं, आणि समोर उकिडवा बसून तिचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला. आईचा तळपाय त्याने आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला असेल. टाचेपासून बोटांपर्यंत रेघाच रेघा, बारीक, पांढऱ्या, एकीवर एक. किती वेळा वाकली असेल ही, आणि कुणाकुणासाठी! त्या सगळ्यांमध्ये एक तेवढी ताजी होती, आजची.

"आये," तो म्हणाला, "लागलं का गं?"

गोदूबायने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मिठागरातल्या बत्तीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि ती मनातून भरून आली होती, पण असलं काही दाखवणं तिच्या स्वभावात नाही.

"खाजतंय जरासा," ती म्हणाली. "तो उरलेला तुकडा वर ठेव आधी. खाली रायला तं परत फेकीन. आता मागून येनारी मानसा हायेत घरात."